बांबूचा ब्रश राहू द्या, आधी गच्चीला चुना लावा

भुसावळच्या एका ताईंनी विचारलंय. घरात माणसं पाच: त्या, त्यांचे यजमान, सासू-सासरे आणि आठवीतली मुलगी. स्वतःचं बैठं, स्लॅबचं घर. गेल्या वर्षभरात त्यांनी प्लास्टिकचे ब्रश जाऊन बांबूचे आणले, स्टीलच्या बाटल्या घेतल्या, भांडी घासायला घोसाळ्याची जाळी आणली, कापडी पिशव्या शिवल्या. घरचे थट्टा करतात, आणि आता त्यांच्याच मनात शंका आलीय की एवढ्यानं खरंच काही होतं का. त्यात यंदा घरात एसी घ्यायचं चाललंय, त्या नको म्हणतायत, आणि त्यावरून रोज वाद होतोय. पुढे काय करू, असा प्रश्न आहे. त्यांनी वर्षभराच्या वीजबिलांचे आकडेही दिलेत, त्याबद्दल मनापासून आभार. आकडे हाती असले की नेमकं बोलता येतं.

मी गेली बावीस वर्षं खानदेशात वीज आणि पाण्याचा हिशेब तपासायचं काम करतो. डाळमिल, जिनिंग, दवाखाने, शाळा आणि बरीचशी घरं. त्या अनुभवावरून सांगतो.

ताई, तुम्ही विचारलंय ‘आणखी काय करू’. माझ्या मते अडचण वेगळी आहे. तुम्ही किती गोष्टी बदलल्या ते मोजताय. त्यातली कुठली किती जड आहे, हे अजून तोललेलं नाही. ते एकदा तोलू.

तुमच्या बिलांप्रमाणे जुलै ते फेब्रुवारी महिन्याला १४० युनिटच्या आसपास. मार्च २२०, एप्रिल ३५०, मे ४२०, जून ३४०. वर्षाचे झाले साधारण २,४५० युनिट, आणि त्यातले १,३३० एकट्या उन्हाळ्याच्या चार महिन्यांत. आपल्या ग्रीडमधल्या एका युनिटमागे सरासरी ०.७ किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, कारण वीज अजून मुख्यतः कोळशाचीच आहे. तुमच्या घरापासून जवळच दीपनगरचं कोळशावरचं वीजकेंद्र आहे, त्या धुराड्यांची ओळख मी करून द्यायला नको. म्हणजे तुमच्या विजेचे वर्षाचे सुमारे १,७०० किलो, त्यातले ९०० हून अधिक उन्हाळ्याच्या चार महिन्यांचे. गॅसचे वर्षाला नऊ सिलेंडर सांगितलेत. एका सिलेंडरमधला १४.२ किलो गॅस जळला की ४२ किलोच्या आसपास, म्हणजे नऊंचे ३८० किलो. यजमान मोटारसायकलवर जळगावला अप-डाऊन करतात. रोजचे पन्नास किलोमीटर, महिन्याचे पंचवीस लिटर पेट्रोल, लिटरला २.३ किलो धरले तर वर्षाचे सुमारे ६९० किलो.

आता ब्रश. पाच माणसांचे वर्षाला वीस ब्रश, सगळे मिळून तीन-चारशे ग्रॅम प्लास्टिक. ते बनवण्याचा भार एखाद-दोन किलो. म्हणून ब्रश चूक होता असं मी म्हणत नाही. गटारात आणि तापीच्या पात्रात जाणारं प्लास्टिक हा वेगळा प्रश्न आहे आणि तुमच्या कापडी पिशव्या तिथे खरंच उपयोगी पडतात, त्या सोडू नका. पण तुमचं मन थकलंय ते हलक्या गोष्टींत सगळी शक्ती गेल्यामुळे. जड गोष्टी चार-पाचच आहेत, आणि त्यातल्या बऱ्याचशा एकदा केल्या की रोज कुणाला टोकावं लागत नाही.

सुरुवात गच्चीपासून करा. बैठ्या स्लॅबच्या घरात दुपारभर तापलेला स्लॅब रात्री दोनपर्यंत खाली उष्णता सोडत राहतो. पंखा लावला तरी तो तीच गरम हवा फिरवतो. आपल्याकडची जुनी धाब्याची घरं आठवा. वर पांढऱ्या मातीचा जाड थर, भिंती हात-दीड हात रुंद, मे महिन्यातही आत गारवा. स्लॅब आला आणि तो गारवा गेला. घर परत मातीचं करा असं मी सांगणार नाही. पण स्लॅबचा रंग आपल्या हातात आहे.

होळी झाली की एक रविवार काढा. विरलेला चुना आदल्या रात्री भिजत घाला, सकाळी फडक्यातून गाळून घ्या, त्यात थोडं फेविकॉल मिसळा म्हणजे तो धरून राहतो. गच्ची झाडून, भेगा बुजवून, ओली करून घ्या आणि ऊन उतरल्यावर पहिला हात द्या. दुसरा हात दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, पहिल्याला आडवा. चुना डोळ्यांत उडाला तर गंभीर इजा होते, म्हणून चष्मा आणि हातमोजे हवेतच, आणि मुलीला त्या दिवशी वर जाऊ देऊ नका. पांढऱ्या गच्चीनं खोलीतलं तापमान सहसा दोन ते पाच अंशांनी उतरतं. नेमकं किती, ते छताची जाडी, खोलीची उंची आणि पश्चिमेच्या भिंतीवर किती ऊन येतं यावर ठरतं. पावसाळ्यात चुना धुऊन जातो, दरवर्षी पुन्हा द्यावा लागतो. ते नको असेल तर उष्णता परावर्तित करणारा तयार रंग मिळतो. तो महाग पडतो, पण काही वर्षं टिकतो. पश्चिमेच्या भिंतीला हिरवी जाळी किंवा वेल. इतकं होईपर्यंत एसीचा विषय बाजूला ठेवा, कारण तापलेल्या स्लॅबखाली लावलेला एसी अर्धा वेळ छतच गार करत बसतो.

आता तुमच्या घरचा वाद. कूलर की एसी?

एक लिटर पाणी हवेत उडतं तेव्हा ते सुमारे ०.६७ युनिट इतकी उष्णता ओढून घेतं. तासाला आठ लिटर पाणी उडवणारा कूलर, नुसत्या उष्णतेच्या हिशेबानं, दीड टनाच्या एसीच्या बरोबरीला येतो. वीज मात्र दोनशे वॅटच्या आसपास, एसीच्या पाचवा-सहावा हिस्सा. अर्थात कूलर बाहेरची तापलेली हवा आत घेतो, त्यामुळे तो सगळाच गारवा खोलीला मिळत नाही. तरीही एप्रिल-मेमध्ये, पारा ४५ च्या घरात आणि हवा कोरडी असताना, खानदेशात कूलरइतकं शहाणं यंत्र नाही. कोकणातल्या माणसाला मी हे सांगणार नाही.

‘पण कूलर पाणी किती पितो!’ हे सासूबाईंचं म्हणणं रास्त आहे. फक्त एसीही पाणी पितो, ते आपल्या डोळ्यांसमोर नसतं एवढंच. कोळशाच्या केंद्राला वाफ थंड करायला पाणी लागतं. केंद्र सरकारच्या २०१५ च्या नियमानं जुन्या केंद्रांना युनिटमागे साडेतीन लिटरची मर्यादा घातलेली आहे. आठ तास चाललेला एसी दहा युनिट घेत असेल तर तीस-पस्तीस लिटर तिकडे गेले. तुमचा कूलर तेवढ्या वेळात साठ-सत्तर लिटर घेतो. फरक आहे, पण समजतो तेवढा नाही. आणि दीपनगरचं केंद्रही तापीच्याच पाण्यावर चालतं.

कूलरकडून काम नीट करून घ्यायचं असेल तर त्याच्या समोरची खिडकी चार बोटं उघडी ठेवा. हवा बाहेर पडायला वाट नसली की खोली दमट होते आणि लोक म्हणतात कूलर चालत नाही. कूलर बाहेर, सावलीत. गवत किंवा वाळ्याच्या जाळ्या दर हंगामाला बदला. पहाटे हवा निवते तेव्हा पंप बंद करून नुसता पंखा चालू द्या.

पहिला पाऊस पडून हवा दमट झाली की कूलर हात टेकतो, हेही तितकंच खरं. जूनचे ते दोन-तीन आठवडे त्रासाचे असतात. तुम्ही लिहिलंय की सासऱ्यांना रक्तदाबाचा त्रास आहे आणि गेल्या मेमध्ये त्यांना घेरी आली होती. इथे मी स्पष्ट बोलतो. वयस्कर, आजारी माणसाला उकाड्यात ठेवून पर्यावरण वाचवायचं नसतं. एका खोलीत, पाच तारे असलेला इन्व्हर्टर एसी घ्या, २६-२७ वर ठेवून जोडीला पंखा लावा, आणि लागेल तेव्हाच लावा. हा तुमचा पराभव नाही. फक्त स्वस्तात मिळतो म्हणून जुना एसी कुणाकडून घेऊ नका. जुन्या यंत्रांत आर-२२ नावाचा वायू असतो. तो एक किलो गळला तर हवेत १,८०० किलो कार्बन डायऑक्साइड सोडल्यासारखं होतं, म्हणजे तुमच्या वर्षभराच्या विजेपेक्षा जास्त. नव्या यंत्रांतला आर-३२ त्या मानानं बराच सौम्य आहे, पण तोही किलोला पावणेसातशेच्या घरात जातो. म्हणून ‘दरवर्षी गॅस भरावाच लागतो’ असं सांगणाऱ्या मेकॅनिकवर विश्वास ठेवू नका. गॅस खपत नाही, गळतो. आधी गळती शोधायला लावा, मगच भरू द्या.

पंख्यांचं थोडक्यात. घरातले सगळे बदलू नका, जे दोन सर्वांत जास्त चालतात तेच बदला. जुना पंखा ७५ वॅट, नवा बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचा) ३० च्या आसपास. दिवसाला पंधरा तास चालणाऱ्या एका पंख्यामागे वर्षाला अडीचशेच्या आसपास युनिट वाचतात.

पाण्याकडे येतो. तुमच्याकडे चौथ्या दिवशी नळ येतो, आणि नळ आला की आधीचं उरलेलं ‘शिळं’ पाणी ओतून पिंपं नव्यानं भरतात, हे तुम्ही सहज एका ओळीत लिहून गेलात. मी त्या ओळीवर अडखळलो. धुळ्या-जळगावकडच्या कितीतरी घरांत मी हे पाहिलंय. ज्या गावांत नळाची वाट बघत दिवस काढतात, त्याच गावांत नळाच्या दिवशी गटारं स्वच्छ पाण्यानं वाहतात. झाकलेलं, हात न बुडवलेलं पाणी चार दिवसांत खराब होत नाही. तोटीचं पिंप घ्या किंवा लांब दांड्याचा ओगराळा वापरा, म्हणजे हात बुडायचा प्रश्नच येत नाही. मात्र पिंपं आठवड्यातून एकदा रिकामी करून आतून घासायलाच हवीत, कारण डेंग्यूच्या डासाची अंडी भांड्याच्या कडेला चिकटतात आणि साधारण आठ-दहा दिवसांत त्यांचे डास होतात. त्या दिवशीचं पाणी संडासाला, फरशीला, कूलरला वापरा.

हे सासूबाईंना कसं सांगायचं, हा तुमचा खरा पेच आहे. माझा अनुभव असा, की ‘तुम्ही पाणी वाया घालवता’ असं म्हटलं की घरात पाणी वाचत नाही आणि बोलणं बंद होतं. पांझरा नदीवरची फड पद्धत ठाऊक असेल तुम्हाला. काही शतकं चाललेली व्यवस्था. बंधाऱ्याखालची जमीन फडांत वाटायची, एका फडात एकच पीक, कुठल्या फडाला कधी पाणी ते सगळ्यांनी मिळून ठरवायचं, आणि पाटकरी ठरल्याप्रमाणे सोडणार. पाणी कमी असलं की भांडण माणसाशी होत नसे, नियमाशी होई. घरातही तसंच करा. सासूबाईंना सोबत घेऊन ठरवा की उरलेलं पाणी कुठल्या पिंपात जाईल आणि कुठल्या कामाला. ज्या बाईनं जुन्या लुगड्यांच्या गोधड्या शिवून घर चालवलं, तिला काटकसर शिकवायची नसते. तिला विचारायचं असतं.

आरओ फिल्टरबद्दल: नगरपालिकेच्या पाण्याचा टीडीएस (पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं माप) ५०० च्या खाली असेल तर आरओची गरज नाही, साधं गाळणं आणि निर्जंतुक करणं पुरतं. मोजणारं छोटं यंत्र दोन-तीनशे रुपयांत मिळतं. बोअरचं पाणी पीत असाल तर गोष्ट वेगळी, मग आरओ ठेवा. पण तो एका लिटरमागे साधारण तीन लिटर बाहेर टाकतो, ते बादलीत धरा. आणि हजार चौरस फुटांच्या गच्चीवर आपल्या सहा-सातशे मिलिमीटर पावसात पन्नास हजार लिटरच्या आसपास पाणी धरता येतं. गाळणी लावून ते बोअरमध्ये सोडा. गच्चीला चुना दिला असेल तर पहिल्या दोन-तीन सरींचं पाणी बाहेर जाऊ द्या.

ओला कचरा घंटागाडीत देऊ नका. तो डेपोवर ढिगाखाली हवेविना सडतो आणि मिथेन सोडतो. हा वायू शंभर वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या २७-२८ पट उष्णता धरतो. खताच्या बहुतेक सूचना पुण्या-मुंबईच्या हवेसाठी लिहिलेल्या असतात, त्या इथे चालत नाहीत. माझ्या घरी पहिल्याच मेमध्ये सगळं खत वाळून पापडासारखं झालं. महिनाभर आम्ही वाट बघत होतो आणि आत काहीच घडत नव्हतं. उन्हाळ्यात बादली सावलीत ठेवा, दर दोन दिवसांनी पाणी शिंपडा, आठवड्यातून एकदा आंबट ताक घाला. पावसाळ्यात उलट करायचं. प्रत्येक थरावर सुका पालापाचोळा दुप्पट टाका, नाहीतर अळ्या पडून वास सुटतो आणि घरचे ती बादलीच बाहेर काढतात.

आता तुम्ही जी गोष्ट शेवटी जाता जाता लिहिलीत ती. सासऱ्यांची यावलकडे सहा एकर कपाशी आहे आणि हंगाम संपला की पऱ्हाट्या (कपाशीची वाळलेली झाडं) बांधावर रचून काडी लावतात. एकरी साधारण टनभर धरा, म्हणजे पाच-सहा टन काडीकचरा. त्यातला कार्बन पिकानं त्याच वर्षी हवेतून घेतलेला असतो, म्हणून त्याचा हिशेब कोळशासारखा करत नाहीत. पण धुरातले बारीक कण गावाच्या छातीत जातात, नत्र आणि गंधक उडून जातं, आणि काळ्या जमिनीला ज्या सेंद्रिय द्रव्याची भूक आहे तेच जळतं. शेतकरी हे हौसेनं करत नाही. २०१७ मध्ये गुलाबी बोंडअळीनं राज्यभर कपाशीची जी दैना केली ती सासरे विसरलेले नसणार. उभ्या किंवा रचलेल्या पऱ्हाट्यांच्या राहिलेल्या बोंडांत ती अळी लपून राहते, म्हणून पऱ्हाट्या ठेवू नका हे खरंच आहे. पण त्या जाळायलाच हव्यात असं नाही. फरदड (हंगामानंतरही कपाशी राखून घेतलेलं वाढीव पीक) न घेता वेळेत कपाशी मोडून, ट्रॅक्टरवरच्या यंत्रानं पऱ्हाट्यांची कुट्टी करून जमिनीत मिसळली, तर अळीचीही सोय मोडते आणि जमिनीलाही खाऊ मिळतो. यंत्राचं भाडं लागतं, आणि एकट्या सहा एकरांसाठी ते यंत्र यायला तयार होईलच असं नाही. शेजारचे चार बांध मिळाले तर येतं. पहिल्या वर्षी दोनच एकरांवर करून बघा. भरितासाठी चार मोळ्या घरी ठेवल्या तर माझी हरकत नाही. पऱ्हाट्यांच्या निखाऱ्यांवर भाजलेल्या वांग्याची चव गॅसवर येत नाही. फक्त त्यांना चिकटलेली बोंडं तेवढी आधी काढून टाका.

यजमानांच्या अप-डाऊनचं उत्तर त्यांच्या शिफ्टवर आहे. भुसावळ जंक्शनला गाड्यांची वाण नाही, महिन्याचा पास पेट्रोलपुढे किरकोळ पडतो. पण जळगाव स्टेशनपासून एमआयडीसीपर्यंतचं काय, आणि रात्रपाळी सुटल्यावर गाडी आहे का, हे मला इथे बसून सांगता येणार नाही. आठवड्यातले तीन दिवस जरी रेल्वेनं गेले तरी वर्षाचे साडेतीनशे किलो कमी होतात. तेवढं घरातल्या दुसऱ्या कुठल्याच एका बदलानं सहज होत नाही.

छतावरचं सौर मी मुद्दाम शेवटी ठेवलंय. बरीच वर्षं झाली, एका कुटुंबाला मी आधी सौर बसवायला सांगितलं. वीज फुकटची वाटू लागली, दोन एसी आले, आणि दोन वर्षांत बिल पुन्हा होतं तिथे. तेव्हापासून आधी गळती बुजवायची, मग विहीर खणायची, या क्रमानंच मी सांगतो. आज तुम्हाला कुणी तीन किलोवॅट बसवा म्हणेल. गच्ची, पंखे आणि कूलर मार्गी लागल्यावर तुमचं वर्षाचं काम १,८००-१,९०० युनिटांत भागेल असा माझा अंदाज आहे. दोन किलोवॅटमधून आपल्या उन्हात वर्षाला २,७०० च्या पुढे युनिट मिळतात, म्हणजे एसी थोडा चालला तरी पुरतं. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत दोन किलोवॅटला ६०,००० रुपये अनुदान आहे, तीन आणि त्यापुढे ७८,०००. आपल्याकडे धूळ फार, पॅनेल आठवड्याला पहाटे पुसावे लागतात. तापलेल्या काचेवर दुपारी गार पाणी टाकू नका.

तर यंदा होळीनंतर चुना, एप्रिलआधी कूलरची जागा आणि दोन पंखे, पिंपांचा नियम लगेच, पऱ्हाट्यांचं बोलणं दिवाळीनंतर सासऱ्यांशी, आणि पुढच्या उन्हाळ्याची बिलं हाती आल्यावर सौर. मुलीला एक वही द्या आणि दर रविवारी मीटरचा आकडा तिच्याकडून लिहून घ्या. थट्टा करणारी माणसं त्या वहीत सर्वांत आधी डोकावतात, असं मी बऱ्याच घरांत पाहिलंय.

तुमचा शेवटचा प्रश्न होता, कूलरचं उरलेलं पाणी तुळशीला चालेल का. नको. पाणी उडून जातं आणि क्षार मागे राहतात, त्यामुळे टाकीतलं पाणी दिवसेंदिवस खारट होत जातं. आरओच्या वाया जाणाऱ्या पाण्याचंही तेच. कुंडीतल्या मातीवर पांढरा थर दिसू लागला की समजा क्षार साचले. ते पाणी अंगण शिंपायला आणि संडासात वापरा. तुळशीला तांदूळ-डाळ धुतलेलं पाणी द्या.